आक्कासाठी आधी चाखून पाहिलेली औषधं

पुणतांबा,
रविवार, २५ जुलै १९७१

तीर्थस्वरूप बनुआक्कास,

धाकट्या सूर्यभानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे पुष्पावती आणि म्हैस दोघी ठीक. मी ठीक आहे की नाही, हे पत्र वाचून तूच ठरव.

तू लिहिलंस, "आई गेली, आता पंचमीला माहेरी कुणाकडे येऊ? मनाला उतारा पडेल असं झाडपाल्याचं काही असेल तर पाठव." आता स्वतः न घेतलेलं औषध बहिणीला पाठवणं मला पटेना. म्हणून आधी सगळं मीच घेतलं आणि रोज वहीत नोंदवलं. भागूमावशी म्हणाली, "दुधात जायफळ उगाळ, उलीसं." उलीसं म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं (चूक माझीच), म्हणून निम्मं उगाळलं. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात शेरशहाच्या कारकिर्दीत डोळा लागला, तो थेट शाळा सुटल्यावर उघडला. पोरं पाय न वाजवता घरी गेली होती. (शिस्त चांगली आहे, पण श्रेय मी घेऊ नये.) मग ब्राह्मीचा पाला वाटून टाळूवर थापला. तसाच दार उघडायला गेलो, तर पोस्टमन पत्र उंबऱ्यावर ठेवून उलट्या पावली निघून गेला. पुष्पावतीने काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळलं, तेव्हा मात्र जरा शांत वाटलं. पण मांजर येऊन तळवे चाटत बसलं होतं. तेव्हा गुण तुपाचा की मांजराचा, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

शेवटचा उपाय पहाटे दवात अनवाणी चालण्याचा. आपल्या रानात गवत नाही, म्हणून बांधापलीकडे आसारामच्या लसूणघासात शिरलो. चार फेऱ्या झाल्या असतील, तोच तो ओरडत आला. "ओ मास्तर! घास तुडिवता व्हय? तुडिवलेला म्हशी तोंडात धरीत न्हाईत!" मी शरमलो आणि खरं ते सांगितलं, की आईच्या दुःखावर औषध चाललंय. तो बांधावर बसला. म्हणाला, "म्हातारी लई भांडायची. धा वर्सं शिव्या खाल्ल्या. आता समदं कसं चिडीचूप हाय. मास्तर, मलाबी द्या की काय आवशिद." मग कमरेवर हात ठेवून हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला, "आसाऱ्या मुडद्या, तुझ्या शेळीला माझीच मेथी ग्वाड लागती व्हय रं?"

आक्का, मी हसलो. पोट धरून, घासातच बसून हसलो. तोही हसता हसता डोळे पुसत होता. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या (चैत्रापासून अर्धीवर होतो). वहीत लिहिलं, "आज हसलो. आईला जाऊन चारच महिने झाले, हे बरं का?" तासभर विचार केला. मग खाली लिहिलं, "बरं."

तुझा,
सूर्यभान

ता. क. सोबतच्या पुडीत जायफळ आणि ब्राह्मी आहे. तू मागितलंस म्हणून दिलं. घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. आसारामने बांधावरच्या लिंबाला आपणहून झोका बांधलाय. विचारतो, "बनुबाईला म्हातारीवानी शिव्या येत्यात का?" तुला न विचारताच मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून त्याने शेळी मोकळी सोडली आहे.

ता. क. तिसरा. हा तुझ्याच ओसरीवर, दाजींचं पेन घेऊन लिहितो आहे. पत्र पोस्टात टाकलं नाही, तुला पंचमीला न्यायला मुराळी होऊन मीच घेऊन आलो. चल म्हणून तोंडाने विचारलं असतं तर तू रडली असतीस आणि (खोटं कशाला लिहू) मीही. दाजी हो म्हणाले आहेत. गाडी चारला आहे. उत्तर लिहीत बसू नकोस, पिशवी भर.