शिडी बरी की मांजर

१४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. खोली होती तशीच आहे. मांजरने माझ्या पलंगावर तिचे धुतलेले कपडे पसरले होते. मी दारात दिसताच तिने ते घाईघाईने उचलले आणि खिडकी उघडी ठेवू की बंद, असं विचारलं. मांजर म्हणजे यंदा माझ्याबरोबर बास्केटबॉलच्या संघात आलेली दुसरी नवी मुलगी. पावलांचा आवाज न करता जवळ येते आणि समोरचीच्या हातातला चेंडू काढून नेते, म्हणून हे नाव. मला इथेही शिडीच म्हणतात. तुम्ही ठेवलेलं नाव माझ्या आधीच येऊन पोचलं होतं म्हणायचं.

आई गेल्यावर इतक्या लवकर खेळायला परत यावं की नाही, ते मला कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पण इथे निदान सकाळी उठून कुठे जायचं ते ठरलेलं असतं.

आमच्या प्रशिक्षक बाईंनी काल दोघींना समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षासाठी क्लब आमच्यापैकी एकीलाच ठेवणार आहे. निर्णय मार्चअखेर होईल. तोवर दर सोमवारी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंच्या तुलनेचा तक्ता कपडे बदलायच्या खोलीत लागेल. मांजरने मान हलवली, मीही हलवली. परत येताना आम्ही दोघींनी मिळून एकच संत्रं खाल्लं.

बाबा, एक मागणं आहे. हंगाम संपेपर्यंत आईविषयी मला एक अक्षरही लिहू नका. ती इस्पितळात होती त्या संध्याकाळी मी परगावच्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाकावर बसून होते. तुम्ही नेहमीसारखा निकाल तिला सांगितला असणार, आणि सकाळी ती गेली. म्हणजे माझ्याबद्दल तिने शेवटचं काय ऐकलं, तर भोपळा. त्यावर ती काय म्हणाली, तिचा चेहरा कसा झाला, हे आत्ता मला झेपणार नाही. फोनही नको. फोनवर आपण दोघं नुसतं हं हं करत बसतो.

लिहायला विषय हवा असेल तर आम्हा दोघींची तुलना करा. नाहीतरी चष्म्याच्या दुकानात दिवसभर तुम्ही तेच करता, ही काच बरी की मघाची.

जेवण वेळेवर घ्या. माझ्यावर रागावला असाल तर तोही पत्रात लिहू नका.

तुमची,
शिडी


२ डिसेंबर

चि. शिडीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा हुकूम शिरसावंद्य. विषय दिलास ते बरं केलंस. वर्तमानपत्र हल्ली मी मागच्या पानापासून वाचतो.

तर ऐक. तू परत गेल्यापासून सामना झालेला नाही, म्हणून आकडे आधीचेच. मांजर सामन्यामागे अकरा गुण करते आणि तू सहा. हे कळल्यावर दोन दिवस मी मांजरांच्या जातीवरच राग धरून होतो. आपल्या पायरीवर येणाऱ्या त्या काळ्या बोक्यालाही हाकललं. मग शेजारचे घड्याळवाले काका म्हणाले की नुसते गुण काय बघता, मिनिटं बघा. मांजर मैदानात असते तुझ्या दुप्पट वेळ. म्हणजे मिनिटाच्या हिशेबाने तुम्ही दोघी उन्नीस-बीस. रिबाउंडमध्ये तर तू पुढेच आहेस. अर्थात तेवढ्या उंचीच्या मुलीने वरून येणारा चेंडू नाही पकडायचा तर काय पत्रं वाटायची?

फ्री थ्रो मात्र काय ते! समोर कुणी नाही, कुणी अडवत नाही, आणि तरी दोनातला एक बाहेर. मागच्या खेपेला तू म्हणाली होतीस की त्या मैदानातल्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येते. नाचता येईना अंगण वाकडं. हवं तर डोळे तपासून देतो, घरच्या माणसाला फुकट.

दुकान चालू आहे. परवा एक आजीबाई आल्या. मी एकामागून एक काचा बदलत विचारत होतो की ही बरी की मघाची, आणि त्या प्रत्येक वेळी दोन्ही सारख्याच म्हणायच्या. शेवटी मी काचा खाली ठेवल्या आणि म्हटलं, मलाही. त्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

घरचं म्हणशील तर... राहू दे. तुझी अट आहे.

सर्दी झाली की अंगावर काढू नकोस. माया आहेच, ती पत्रात मावेल तेवढीच पाठवतो.

तुझे,
बाबा


७ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मांजरलाही वाचून दाखवलं. त्या बोक्याची तिच्या वतीने माफी मागा, असा तिचा निरोप आहे.

आता बातमी. वर्तमानपत्रात तुम्ही पाहिलंच असेल. मी सामन्यामागे पंधरा गुणांवर गेले आहे आणि मला आता सुरुवातीलाच उतरवतात. फ्री थ्रो तर चुकतच नाहीत. साऱ्या स्पर्धेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलींत मी तिसरी आहे, मांजर आठवी.

कसं झालं ते मला सांगता येत नाही. खरं तर मी काहीच केलेलं नाही. पूर्वी रेषेवर उभी राहिले की लोकांचा आरडाओरडा ऐकू यायचा, चुकलं तर काय, असं मनात यायचं. आता काही येत नाही. चेंडू हातात असतो, मग नसतो. आत गेला तर टाळ्या वाजतात, त्या पलीकडच्या इमारतीत वाजत असाव्यात तशा. जिंकल्यावर सगळ्या एकमेकींना मिठ्या मारतात, तेव्हा मीही हात वर करते. जेवणाची चव कळत नाही, पण ताटात असतं ते संपवते.

आमच्या क्लबात एक आकडेवाला आहे. सज्जन माणूस, सामन्यांचे आकडे मांडतो आणि स्वतःच खूश होतो. सोमवारच्या तक्त्यात त्याने माझ्या हंगामाचे दोन भाग केले, आधी आणि नंतर, आणि मधे एक लाल रेघ ओढली. मग कौतुकाने मला विचारलं की इथे तू काय बदललंस. बूट? पकड? रेघेखाली तारीख होती. बाबा, ती मी घरून परत आल्यानंतरच्या पहिल्या सामन्याची तारीख. घरी कुणीतरी आजारी होतं एवढंच त्याला माहीत. मी सांगितलं की बूट बदलले. त्याने ते लिहून घेतलं.

तेव्हापासून तो इतर नव्या मुलींनाही बुटांबद्दल विचारत हिंडतो आहे. मांजरने नवे बूट घेतले. बिचारीच्या टाचांना फोड आलेत.

मला रडायला यायला हवं होतं, किंवा निदान हसायला. दोन्ही आलं नाही. आणि यायला नकोच, असंही वाटतं. हे सुटलं तर आकडेही सुटतील. मार्चपर्यंत असंच राहू दे.

तुम्ही काळजी करू नका. आकड्यांत मी उत्तम आहे.

तुमची,
शिडी


१९ फेब्रुवारी

चि. शिडीस,
अ. उ. आ. वि. वि.

शनिवारी मी दुकान बंद ठेवून तुझा सामना बघायला आलो होतो. तुला कळवलं नाही. डाव्या बाजूला चौथ्या रांगेत बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ शेंगदाणे खात होते, त्यांना मी दोनदा सांगितलं की ती उंच मुलगी माझी आहे. दुसऱ्यांदा ते म्हणाले की मघाशीच सांगितलंत.

तू बावीस गुण केलेस. मांजरने नऊ, आणि ती लंगडत होती. तुलना विचारशील तर वादच नाही, शिडी कितीतरी पुढे आहे.

पण मला भीती वाटली, पोरी. लोक उभे राहून ओरडत होते आणि मी बसूनच राहिलो. तुझ्या लहानपणापासूनची सवय आहे, बास्केट झाली की तू मान वर करून प्रेक्षकांत बघायचीस. तिथे कोण बसलेलं असायचं ते मी लिहीत नाही, अट पाळतो. शनिवारी तू एकदाही वर पाहिलं नाहीस. बाकीच्या मुलींकडेही नाही. मधल्या सुट्टीत मांजरने पाण्याची बाटली तुझ्यापुढे धरली, तू ती घेतलीस आणि तुला कुणी दिली हे तुझ्या लक्षातही आलं नसावं. तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरतो आहे. कोण बघतंय आणि कोणाचे डोळे नुसते उघडे आहेत, एवढं मला कळतं.

सामना संपल्यावर दाराशी येऊन उभा राहिलो. तू आलीस, माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलीस. मी हाक मारणार होतो. गाडीची वेळ झाली होती, निघून आलो.

ही सारी तुलना करायला मला मजा येत होती. आता येत नाही. तुला क्लबने ठेवलं तर आनंदच आहे. नाही ठेवलं तरी घराला दार आहे आणि ते तुझ्या उंचीला पुरतं. पण हे असं मार्चपर्यंत राहू दे म्हणतेस, ते मला मान्य नाही. रागावलीस तरी चालेल. राग आला तर उलट बरंच होईल.

तुझे,
बाबा


२३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आलात आणि न भेटता गेलात. मी तुम्हाला पाहिलं नाही, हे खरं. पत्र दोनदा वाचलं. रागही आला नाही. सध्या खेळू द्या.

तुमची,
शिडी


२८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

निर्णय झाला. मला ठेवलं.

बाईंनी काल मला आधी आत बोलावलं, हात हातात घेतला आणि पहिल्या वर्षात अशी सुधारणा त्यांनी कुणाची पाहिली नाही असं सांगितलं. आकडेवाल्याने तो तक्ता लाल रेघेसकट मला भेट दिला. मी आभार मानले. बाहेर येताना मांजर आत जात होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती एकदम मनापासून म्हणाली की मला खूप आनंद झाला. मग आत गेली.

दुपारी ती सामान बांधायला लागली. मी तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात तिने घरी फोन लावला. तिला काढलंय एवढं ती नीट बोलली आणि मग रडायलाच लागली. पलीकडून तिची आई बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, पण मांजर मधेमधे सांगत होती की हो, जेवले, हो, टाचेला मलम लावलं, हो, सकाळच्या गाडीने येते. एवढंच. गुणांबद्दल काही नाही, क्लबबद्दल नाही, मी पुढे गेले त्याबद्दलही नाही. ती रडत होती आणि टाचेचं सांगत होती.

मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडला. किती वेळ बसले होते कोण जाणे. बाबा, मी एवढ्या मोठ्याने रडले की शेवटी मांजरलाच येऊन दार वाजवावं लागलं. काढलं तिला आणि समजूत तिने माझी घातली. तिच्या खांद्यापर्यंत पोचायला मला वाकावं लागलं.

आता काल संध्याकाळपासून सगळं दुखतंय. आज सरावाला मी चार फ्री थ्रो टाकले आणि चारही बाहेर गेले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांना कळेल की त्यांनी भलतीच मुलगी ठेवली. कळू दे.

बाबा, मी अट मागे घेते. त्या संध्याकाळी मी नुसती बाकावर बसून होते, हे तुम्ही आईला सांगितलंत तेव्हा ती काय म्हणाली? असेल तसं लिहा. तिला वाईट वाटलं असेल तर तेही लिहा. मी मंगळवारी घरी येते आहे, पण हे मला तुमच्या तोंडून ऐकवणार नाही. तुम्हालाही सांगवणार नाही. म्हणून आधी लिहून पाठवा.

तुमची,
शिडी


३० मार्च

चि. शिडीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं, त्याला म्हटलं जरा थांबा. मग बराच वेळ झाला तशी तेच उठून मला पाणी द्यायला आलं. गेले कित्येक महिने मला वाटत होतं की माझ्यातलं ते सगळं आटून गेलंय. तसं नव्हतं.

मांजरला म्हणावं, तिचा जन्मभर चष्मा माझ्याकडून. लागला नाही तरी.

आता तू विचारलंस ते. मी निकाल सांगितला, हे खरं आहे. तिच्या खाटेशी बसून होतो. संध्याकाळी उशिरा तिला जाग आली तेव्हा तिनेच विचारलं की पोरीचा सामना झाला का. मी म्हटलं झाला, हरले, आणि आपल्या शिडीला आज उतरवलंच नाही, सगळा वेळ बाकावर बसवून ठेवलं. मी चिडून सांगत होतो. मला वाटलं तीही तुझ्या त्या बाईंना चार शब्द सुनावेल.

ती कुणावरही चिडली नाही. गुण ती कधीच विचारायची नाही, तुझ्या शाळेपासून नाही, ते मीच न विचारता सांगत असे. त्या दिवशी तिने जरा विचार केला आणि म्हणाली की बरं झालं, म्हणजे आज दमली नसेल, लवकर झोपेल पोर. मग कूस बदलली आणि तीही झोपली.

मंगळवारी ये. दारात वाट बघतो.

तुझे,
बाबा