समारोपतज्ज्ञ होण्याचा अर्ज

२ मार्च
फॉर्म भरताना एकदम शाळा आठवली. सहावीत असताना मधल्या सुट्टीत मी आणि मैत्रीण चॅपलमागच्या पायरीवर एक सफरचंद दोघींत खायचो. ती गणितावरून रडायची, मी ऐकायचे. घंटा झाली की ती डोळे पुसून चालू लागायची. मी बसून राहायचे, सिस्टर हाताला धरून उठवेपर्यंत. तेव्हापासून मानसशास्त्र माझ्या रक्तात आहे.

तीच मैत्रीण आता मानसशास्त्र कौन्सिलच्या विशेषज्ञता समितीची अध्यक्ष. मुलांच्या मानसशास्त्राला मान्यता आहे, कोर्टकचेरीच्याला आहे, परवा खेळाडूंच्यालाही मिळाली. माझ्या क्षेत्राला नाही. समारोप-मानसशास्त्र: उपचार वेळेवर संपवून क्लायंटला नीट निरोप देण्याचं शास्त्र. ३१ तारखेला क्लिनिक बंद करून निवृत्त होतेय. तीस वर्षांनी नुसती ‘काउन्सेलर’ म्हणून घरी जाणार नाही.

५ मार्च
फॉर्ममध्ये रकाना: समारोप झालेल्या केसेस, किमान दहा. रिसेप्शनिस्टला आकडा काढायला सांगितला. दोन मिनिटांत परत आली. म्हणाली, एकही नाही. एक गृहस्थ वारलेत, ते धरायचे का?
नाही धरले. विचार मात्र केला.

९ मार्च
प्लॅन: रोज एक समारोप. सुरुवात एका जुन्या क्लायंटपासून, सगळे त्यांना काका म्हणतात. बँकेतून रिटायर झालेत. लिफ्टची भीती वाटते म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आले होते.

१० मार्च
काकांना निरोप दिला. म्हणजे विषय काढला. त्यांचा चेहरा बघवेना. निरोपाची तयारी म्हणून आठवड्याला एकाऐवजी दोन सेशन्स ठरवली. शास्त्राला धरूनच आहे.

१८ मार्च, रात्री जेवणानंतर
आतापर्यंत नऊ जणांकडे विषय काढला. अपॉइंटमेंट्स दुप्पट. रिसेप्शनिस्टने नवी वही मागितली. नवरा म्हणाला, दुकान बंद होताना अशी गर्दी सेललाच होते. त्याला यातलं काही कळत नाही.

२४ मार्च
समितीची तपासणी. मैत्रीण ऑफिशियल चेहऱ्याने आली, मला चक्क ‘मॅडम’ म्हणाली. काकांना मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. तिने लिफ्टचं विचारलं. ते म्हणाले, भीती जाऊन बारा वर्षं झाली, मुलीकडे अकराव्या मजल्यावर राहतो. मग अजून का येता? काकांनी चष्मा काढून पुसला.
“आलो नाही तर मॅडमना वाईट वाटेल.”
बाकीच्या आठ जणांना तिने फोन केले, त्यांचंही साधारण हेच. त्यांचा म्हणे फोनवर ग्रुप आहे. मला एकटं वाटू नये म्हणून कुठल्या आठवड्यात कोणी यायचं, ते त्यावर ठरतं.
नऊ माणसं आपण होऊन संघटित झाली, हा मुद्दा तिने रिपोर्टमध्ये घ्यायला हवा होता.

२७ मार्च
पत्र आलं. नामंजूर.
संध्याकाळी तिचा फोन. आता ‘मॅडम’ नव्हतं.
“अगं, क्षेत्र अगदी खरं आहे. फक्त तू त्यातली तज्ज्ञ नाहीस, पेशंट आहेस.”
मग फोन तिनेच ठेवला, मला जमत नाही हे तिला ठाऊक आहे.

३१ मार्च, क्लिनिकमध्ये शेवटचं
सामानाची वाटणी, रिसेप्शनिस्टसाठी लिहून ठेवतेय.
पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या नव्या डॉक्टरीणबाईंना. समासातल्या माझ्या नोंदी खोडू नयेत.
किटली आणि कप तुला. कान तुटलेला कप टाकून दे, मी घरी गेल्यावर.
भिंतीवरचं घड्याळ नवऱ्याला. दहा मिनिटं मागे आहे, तसंच राहू दे.
फाइली कपाटात कुलूपबंद, किल्ली मैत्रिणीला.
क्लायंटची खुर्ची काकांना. त्यांनी टेम्पो पाठवू नये. खुर्ची माझ्या घरी ठेवली आहे, तिच्या उशा चार आहेत. एका खेपेला एकच उशी न्यावी, खुर्ची शेवटी.