दोनदा ऐकलं

१ डिसेंबर, लातूर
लोह्याहून काल आले आणि नोकरी लगेच आवडलीसुद्धा. काम म्हणजे दिवसभर कानात पॉडकास्ट. इथला एक मोठा क्लास आमच्या ऑफिसला पैसे देतो, आणि त्याच्याबद्दल कोण कुठं काय बोलतं ते आम्ही टिपून ठेवतो. आई फोनवर म्हणाली, लोकांच्या गप्पा ऐकायचा पगार मिळतो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बायका फुकटच राबल्या की. खोली तुळजाबाईंकडे घेतली. भाड्याआधी त्यांनी मला भाकरी येते का ते विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्यांना लई वाईट वाटलं.

३ डिसेंबर
कॉम्प्युटरवर एक बोर्ड आहे, त्यावर तीन लिस्ट: ‘ऐकायचे’, ‘ऐकले’, ‘क्लासला कळवायचे’. पॉडकास्टचा नवा भाग आला की त्याचं कार्ड आपोआप पहिल्या लिस्टमध्ये येतं. ऐकायचं, कोण काय बोललं ते कार्डावर लिहायचं आणि कार्ड पुढे सरकवायचं. आधीच्या माणसानं नुसता उकिरडा करून ठेवला होता. मी दोन दिवसांत सगळं लखलखीत केलं. ऑफिसचे साहेब रविकिरण सर खूश. त्यांचा एकच नियम, एकच तक्रार तीन भागांत आली तरच कळवायची. पोरं रोजच रडतात, प्रत्येक रडगाणं पुढे पाठवलं तर क्लासवाले कामच काढून घेतील. मला पटलं.

८ डिसेंबर
माझा लाडका पॉडकास्ट ‘पातळ वरण’. क्लासच्या हॉस्टेलमधली लुंबिनी नावाची पोरगी मोबाईलवर करते. उमरीची आहे. मेसचं वरण, वॉर्डनचं घोरणं, सरांच्या नकला. मी एकटीच खो खो हसते आणि सगळे माझ्याकडे बघतात. आजच्या भागात म्हणाली, गिझर लावला की बाथरूमच्या नळाला करंट येऊन राहिला, वॉर्डनला सांगितलं तर चप्पल घालून आंघोळ करा म्हणतात. मी कार्डावर लिहिलं, ‘नळाला करंट, पहिल्यांदा’, आणि ते ‘ऐकले’मध्ये टाकलं.

१३ डिसेंबर
पुन्हा करंट. आज तिनं नकला केल्या नाहीत. कुणी ऐकून राहिलं असंल तर सांगा की हो कुणाला तरी, म्हणाली. मी सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, दोनच झाले ना? मी हो म्हणाले आणि ‘दुसऱ्यांदा’ लिहून परत जागेवर बसले. पुढचा भाग येईलच, तेव्हा कळवू.

१७ डिसेंबर
लुंबिनी गेली. सकाळी आंघोळीला गेली होती.
क्लासनं तिचं चॅनेल बंद करवलं. सरांनी मला दोन्ही कार्डं काढून टाकायला सांगितली. मी काढली. हात थरथरले असं लिहावंसं वाटतं, पण नाही थरथरले.

१९ डिसेंबर
तिचे वडील आले होते, केरबाकाका. क्लासबद्दलचे पॉडकास्ट इथं ऐकले जातात म्हणून हॉस्टेलच्या पोरींनी त्यांना आमचा पत्ता दिला. वॉर्डन म्हणते पोरीनं कधी तक्रारच केली न्हाई, तिचीच चूक हाय; तुमी ऐकता त्यात काई बोलली होती का, त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आमच्याकडे काही नाही. काही सापडलं तर कळवा म्हणून ते नंबर देऊन गेले. जाताना माझा वेळ घेतला म्हणून हात जोडले. मला लाज वाटली. तरी नंबराचा कागद वहीत घालून पुढचं कार्ड उघडलं.

२२ डिसेंबर
‘ऐकायचे’मध्ये ‘पातळ वरण’चं नवं कार्ड आलंय. चॅनेल बंद आहे, तरी. लावलं, तर तिचाच आवाज. ताई, एवढंच. मग काही नाही. कार्डावर आधीच लिहिलेलं, ‘नळाला करंट, पहिल्यांदा’. काढून टाकलं. जेवून आले तर पुन्हा तेच. काढलं की येतं. दर वेळी ‘पहिल्यांदा’ —

२४ डिसेंबर
आता हेडफोन काढला तरी तिची हाक येते. ताई. एकदाच.
तुळजाबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. एकदाच हाक येती ती माणसाची न्हाई, माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं, म्हणाल्या. ओ दिऊ नगं, ओ दिली की ते आपल्यात शिरतंय.
मी म्हटलं, तिनं दोनदा मारली होती. जिवंत होती तेव्हा. तेव्हा मी ओ दिली नाही.

२६ डिसेंबर
आज ओ दिली. भर दुपारी, ऑफिसात. सगळे वळून बघायला लागले. त्यानंतर सगळं शांत. कार्डही नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं —

२७ डिसेंबर
काकांना फोन लावला. खरं सांगून टाकायचं होतं. ऐकलं होतं मी, कार्डं मीच काढली —
तोंड उघडलं. आवाज माझा नाही. पप्पा, नळाला करंट येऊन राहिला —
तिकडे काहीतरी पडलं. मग काका म्हणाले, बाळा.
फोन गादीवर, बंदच होत नाही. उजव्या हातात पेन, डावा हात तोंडावर दाबलाय. बोटांतून ती बोलतेच आहे —
काका रडत नाहीत. विचारतायत, कुणीच ऐकलं न्हाई का गं —
ऐकलं, पप्पा, म्हणतेय. एका ताईनं. दोनदा —
कोण ताई, विचारतायत —
लोह्याची. तनुजा. माझ्याच तोंडानं, माझं नाव — आता पत्ता सां—