बेलाचं पाणी

लातूर,
१२ एप्रिल २०२५

ती. आत्याबाई,
शरणु शरणार्थी.

गुडघा आता दुमडतो, पायऱ्याही चढता, असं शिवकन्यावन्संनी सांगितलं. बरं वाटलं. फोनवर तुम्ही “हाव, बरं हाय” म्हणता आणि फोन वन्संकडे देता, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुमचं तुम्हीच वाचा.

परसात ठिबक बसलं. तुम्ही भरली बादली घेऊन घसरलात, त्याच दिवशी मी ठरवलं होतं, आता बादल्या बंद. अहमदपूरला वन्संकडे जाताना तुम्ही म्हणालात, “थेंबथेंब पाजायला झाडं हायत का पेशंट?” तरी मी बसवलंच.

आधी फजिती सांगते. पंपाचा विषय निघाला तेव्हा तुमचे चिरंजीव म्हणाले, “नळाचं पाणी ओढायची मोटर घरात असताना दुसरी कशाला?” आठवड्यानं येणारं पाणी ओरबाडून घेणारी ती मोटर. तिला हळू म्हणजे काय ते ठाऊकच नाही. तीच ठिबकाला जोडली, बटण दाबलं आणि नळीवरचे थेंब सोडणारे ड्रिपर लाह्यांसारखे उडाले. एक फवारा थेट भिंतीपलीकडे, सरजाकाकूंच्या कुरडयांवर.

काकू भिंतीवरून म्हणाल्या, “मंजुषा, गहू भिजवायचं काम माझं झालंय गं. आता वाळू दे की.”

हे तोवर आत जाऊन पेपर वाचायला लागले होते. त्याच आठवड्यात लहान पंप आला. इतका गरीब, की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं.

ड्रिपर निवडायला मात्र मी एकटी गेले होते. दुकानदार संगमेश्वरनं दोन प्रकार दाखवले. एक बंद, सगळ्या झाडांना सारखं पाणी देणारे. दुसरे उघडून धुवायचे. “वहिनी, पहिले घ्या अन् इसरून जा,” म्हणाला. मी दुसरे घेतले. यांना सांगितलं, बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो, धुता आले पाहिजेत. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. परसात तुम्ही लक्ष घालावं असं काहीच उरलं नाही, तर तुम्ही परत कशाला याल, असं दुकानात उभ्या उभ्या मनात आलं. घरी येऊन स्वतःला विचारलं, यात सोय कुणाची, तुमची की माझी? माझी निघाली.

आता ते ड्रिपर मला दाद देत नाहीत. श्रावणात पिंडीवरची गळती अडली की तुम्ही दर्भाची काडी फिरवता आणि थेंब पुन्हा सुरू होतो. क्षारानं अडलेल्या ड्रिपरमध्ये मी सुई घातली, तर धारच लागली. मोगरा सध्या पोहतो आहे.

आणखी एक. नळी बेलापर्यंत नेली आहे, पण तिथे भोक पाडलेलं नाही. त्याला किती पाणी लागतं, हे यांना विचारलं, संगमेश्वरला विचारलं. दोघांचं दोन तऱ्हेचं. मग लक्षात आलं, या सगळ्यात तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही.

तोवर बेलाला तुमच्या तांब्यानं घालते आहे. पानं आहेत, पण तुम्ही असताना असायची तशी नाहीत. भोक पाडायचा पंच देवघरात, तुमच्या विभूतीच्या डबीशेजारी ठेवला आहे. त्याला मी हात लावणार नाही, यांनाही लावू देणार नाही.

ठिबक न विचारता बसवणारी,
बेलाचं मात्र विचारल्याशिवाय न करणारी,
तुमची
मंजुषा