ही उलट बोलली नाही

वन्सं,

हे पत्र तुमच्या हाती पडू देणार नाही, नाहीतर जन्मभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटाल.

सगळे म्हणत होते, ही हल्ली किती शांत झालीय. तुमचे भाऊ तर खूशच होते. तुम्ही मात्र मी शिवलेला पडदा आखूड आहे म्हणालात, मी नुसतं "असेल" म्हणाले, आणि तुम्ही ताडकन उठलात. "ही मला उलट बोलली नाही! हिला आधी दवाखान्यात न्या."

रक्तात सोडियम, म्हणजे मीठच, कमी निघालं. मी म्हटलं, चिमूटभर जास्त खाईन. तुम्ही डॉक्टरबाईंना सोडलं नाहीत. "पण कमी झालंच का?" तेव्हा कुठे थायरॉइड तपासला. गळ्यातली ती ग्रंथी मंदावली होती, त्यामुळे अंगात पाणी साचून रक्तातलं मीठ पातळ झालं होतं, आणि त्याबरोबर मीही.

आता रोज उपाशीपोटी गोळी घेते. डोकं ताळ्यावर आलंय. काल टेप घेऊन पडदा मोजला.

रविवारी तुम्ही येणारच आहात. पडदा बरोबर आहे, तुमचीच नजर तिरकी आहे, हे तोंडावर सांगणार आहे. तेच माझे आभार.

तुमची,
पुन्हा तोंडाळ झालेली भावजय