एल मिम्ब्रेला राहतं कोण?

मंगळवार, ३ मार्च १९८७

स्टुडिओतला एव्हेलियो खोटं बोलतोय! "एल मिम्ब्रेला माणसं आहेत हो बाई, तुम्हाला काय ठाऊक," म्हणे. मला ठाऊक नाही? सव्वीस वर्षं रेडिओ सेरानितावर निरोप वाचतेय मी. दोन गाण्यांच्या मधे — कुणाची खेचरं कुठं आणायची, कोण दवाखान्यातून सुटलं, कोण गेलं. डोंगरातली एकूण एक वस्ती तोंडपाठ आहे. एल मिम्ब्रेची विहीर आटली, माणसं उठून गेली, त्याला आठ वर्षं झाली.

मग आज मी कुणाला सांगितलं, "क्रेसेन्सिया, गुरुवारी दोन खेचरं घेऊन नदीच्या उतारापाशी ये"?

बुधवार, ४ मार्च

स्टेशनच्या मालकांचं पुन्हा तेच. "ओतिलियाबाई, आता वस्त्यावस्त्यांवर टेलिफोन आलेत. दिवसाला पाच निरोप येतायत तोवर चालवू. कमी झाले की तो तास गाण्यांना." म्हणजे मी घरी! तबकड्या लावायला एव्हेलियो आहेच. घरी बसून करू काय मी? भिंतींना निरोप वाचून दाखवू?

आज पाच आले. आले बाई.

शुक्रवार, ६ मार्च

बाजारात लष्कराचे दोन ट्रक. डोंगरातली अफूची शेतं जाळायला आलेत. बहीण तोर्तिया भाजता भाजता म्हणाली, "खेचरं, गुरुवार, नदीचा उतार... अगं, हा निरोप की इशारा?" आवाज कुणाचा गेला? माझा! धरतील तर मलाच.

निरोपांची पेटी रस्त्याकडच्या भिंतीला. पूर्वी मीच उघडायचे. गेल्या सप्टेंबरात एव्हेलियोनं किल्ली मागून घेतली — "जिना नको तुमच्या गुडघ्यांना." मीही भुलले! तेव्हापासून तोच चिठ्ठ्या काढतो, तोच टाइप करून माझ्यापुढे ठेवतो. "लोकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, बाई." मूळ चिठ्ठी मी तेव्हापासून एकही पाहिलेली नाही.

आणि रोज पाचच कसे? ना चार, ना सहा. ही अफूवाल्यांची टोळी मोजून निरोप धाडते की काय?

सोमवार, ९ मार्च

ला कान्तेराच्या म्हाताऱ्या एलेउतेरियोला नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. आनंदानं दोनदा वाचला मी तो निरोप. काचेपलीकडून एव्हेलियो बघत होता. हसत होता मेला! हसायचं काय एवढं?

मंगळवार, १० मार्च

मूळ चिठ्ठ्या दाखव म्हटलं.

"जाळल्या."

"का?"

"कचरा कशाला साठवायचा, बाई?"

चोराच्या मनात चांदणं!

बुधवार, ११ मार्च

मालकांना सांगून टाकलं. एल मिम्ब्रे, खेचरं, जाळलेल्या चिठ्ठ्या, सगळं. ते पांढरेफटक पडले. एव्हेलियोला बोलावलं.

"कोण देतं तुला हे निरोप?"

त्यानं नुसती मान हलवली.

"नाव सांग, नाहीतर चालता हो."

त्यानं टोपी उचलली. माझ्यासमोर थांबला. वाटलं, आता शिव्या घालणार. किल्ली टेबलावर ठेवली न् म्हणाला, "उद्या जरा हळू वाचा, बाई." बस्स, एवढंच. निर्लज्ज!

आठवड्यानं आज धड जेवले.

गुरुवार, १२ मार्च

पेटीच्या कुलपात किल्ली फिरेना. गंज चढलाय. शेवटी लोहाराला बोलावून कुलूप तोडलं. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत गांधीलमाश्यांचं पोळं. चिठ्ठी एकही नाही. सप्टेंबरपासून ही पेटी कुणी उघडलेलीच नाही.

नऊ वाजता प्रसारणाचा लाल दिवा लागला. माझ्यापुढे वाचायला काहीच नव्हतं.