आजीच्या शेजारची जागा

ता. ३ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, पुढं द्यायचं सुचेल असं वाटत नाही. वि. वि.

तो दगड कुणाला विचारून घडवायला टाकलात? मला विचारलं? आजीला विचारलं? की तुझ्या म्हाताऱ्याच्या बापानं राज्य सोडून जाताना आपली दफनभूमी पोराच्या नावावर करून ठेवली होती?

काल मी दवाखान्याच्या धुलाईत चादरींची दुसरी खेप काढत होते. हात कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात. तेवढ्यात एक इस्त्रीचा शर्टवाला दारात उभा, हातात टेप. म्हणाला, तिकडून एका बाईसाहेबांनी पाठवलंय, तुमच्या आजीच्या शेजारची जागा मापायचीय. मला वाटलं रस्ता रुंद करतायत. मग त्यानं मोबाइलवर दगडाचं चित्र दाखवलं आणि त्यावरचा मजकूर आपल्या भाषेत वाचून दाखवला. आजीनं दूध पाजून वाढवलेला साहेबाचा पोरगा, म्हणजे तू ज्याची सेवा करतेस तो अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा, त्याची राख म्हणे मेल्यावर इथं आणून आजीला लागून पुरायची. आणि वर कोरायचं की इथे तो आपल्या दाईपाशी विसावला आहे, जिने पोटच्या पोरापेक्षा त्याच्यावर जास्त माया केली.

पोटच्या पोरापेक्षा! माझ्या हातातली ओली चादर त्या माणसाच्या बुटांवर पडली. पडली म्हणजे मी टाकली.

तो म्हणाला, घरच्यांची संमती आहे. घरचे म्हणजे कोण, तर तू. शिवाय तू त्यांना असंही सांगितलंस म्हणे की आजी मरताना त्या पोराचं नाव घेत होती. आजीजवळ मी बसले होते, बाई. तू फ्रॉकात होतीस आणि शेजारच्या घरी झोपली होतीस. आजी मरताना पाणी मागत होती. दुसरं काही नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं. माझी मजल चौथीपर्यंतचीच, तरी लिहिते, तूही लिही. तुझी लेक भिंगरी इथं खुशाल आहे. गणितात नापास होता होता वाचली, तुझ्यावर गेलीय.

लोभ आहे तेवढा खाली मांडते, बाकी सगळा रागच समज.
तुझी ताई

ता. १४ जून

ती. ताईस,
पाया पडते, फक्त पाय मागे घेऊ नकोस. वि. वि.

पत्र उघडायच्या आधीच कळलं तू चिडली आहेस, पाकिटावरचा पत्ता कागद फाटेस्तोवर दाबून लिहिला होतास. आता माझंही ऐक.

ही नोकरी मुळात आजीमुळे मिळाली हे विसरलीस का? इथल्या म्हाताऱ्या साहेबांच्या लेकीनं आपल्या दवाखान्यात चौकशी केली होती, कारण तो दवाखाना म्हणजे यांचाच जुना बंगला. आमच्या बाबांना सांभाळणाऱ्या दाईच्या घरातलं कुणी आहे का, असं विचारलं होतं. त्यांच्या बाबांना तिकडचं माणूस हवं होतं. म्हणून मी इथं आले.

इथं कामावर घेताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतात. विसराळू म्हाताऱ्यांचं बोलणं खोडायचं नाही. ते म्हणाले बाहेर घोडा उभा आहे, तर त्याला दाणा घातला असं सांगायचं. यांची दाढी करताना हे रोज विचारतात, ती माझी आठवण काढायची का? पहिल्या दिवशी मी नुसतं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय म्हणायची? मग काहीतरी सांगणं भाग पडलं. असं करता करता आजीच्या तोंडी मी काय काय घातलं ते आता मलाच आठवत नाही.

ताई, यांच्या लेखी ते सगळं राज्य म्हणजे फक्त आजीची मांडी. नऊ वर्षांचे असताना बोटीवर चढवलं, तेव्हा आजीच्या पदराचा तुकडा फाटून हातात राहिला होता. इथल्या शाळेत पोरं यांना तिकडचा म्हणून चिडवायची. हा माणूस कुणाचं काही ओरबाडणाऱ्यातला नाही गं. लेकही चांगली आहे. परवा मला म्हणाल्या, तुम्हा लोकांच्या रक्तातच माया असते, तू बाबांचं एवढं करतेस की स्वतःच्या मुलीचं तरी एवढं करत असशील का. ऐकून बरं वाटलं. इथं पाठीवर हात ठेवून बोलणारं दुसरं कोण आहे मला?

जागा मागतायत ती हातभर. आजी तरी त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलली का? भिंगरीला बूट पाठवलेत, मोठे झाले तर कापूस घाल.

रागाला धरून राहा, पण मला सोडू नकोस.
तुझी धाकटी

ता. २५ जून

चि. धाकटीस,
मागचे आशीर्वाद तसेच पडून आहेत, ते उचल. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईनं तुझ्या तोंडावर सांगितलं की तू पोटच्या लेकीपेक्षा तिच्या बापाला जपतेस, आणि तुला बरं वाटलं? अगं, तीच ओळ ती दगडावर कोरायला निघालीय! आज आजीच्या नावानं, उद्या तुझ्या नावानं. तू गेलीस तेव्हा भिंगरी चार वर्षांची होती, आता नऊची झाली. तुझा जीव कुठं अडकलाय ते मला ठाऊक आहे, कारण फोन ठेवल्यावर ती पोर भिंतीकडं तोंड करून बसते ते मी बघते. त्या बाईला ते दिसत नाही. तिला दिसतो तो फक्त बापाच्या तोंडाशी चमचा नेणारा तुझा हात. मग म्हणणारच की रक्तात आहे. रक्तात आहे म्हटलं की झालं, कुणी भाग पाडलं ते विचारायलाच नको.

आता खाली बस आणि वाच. मी पहिल्या बाळंतपणात पोराला पाजत होते, आजी समोर बसून एकटक बघत होती, तेव्हा बोलली. पुन्हा कधी बोलली नाही, आणि तू लहान म्हणून तुला सांगायचं राहून गेलं.

आपल्या बाबांच्या आधी तिला एक मुलगा होता. तीन महिन्यांचा झाला आणि बंगल्यावरून बोलावणं आलं, मडमेला दूध नाही. आजोबा त्यांच्याच तबेल्यात कामाला, घर त्यांच्याच जागेत. नाही म्हणायला तोंड कुठून आणणार? त्यांच्या डॉक्टरनं अट घातली की दाईनं बंगल्यातच राहायचं आणि स्वतःच्या पोराला अंगाला लावायचं नाही, घाण लागते. थोरला इकडं पणजीच्या मांडीवर, पिठाच्या पाण्यावर. घर हाकेच्या अंतरावर. वारा तिकडचा असला की त्याचं रडणं बंगल्यात ऐकू यायचं. ते ऐकलं की आजीला पान्हा फुटायचा, आणि तो तुझा म्हातारा प्यायचा.

एक दिवस रडणं थांबलं. आजीला वाटलं वारा फिरला. सगळ्या बंगल्याला ठाऊक होतं काय झालं ते, पण साहेबाच्या पोराला दात येत होते, अंगात ताप होता. दुःखानं दाईचं दूध आटलं तर काय करायचं? म्हणून तिला सांगितलंच नाही. थोरल्याला पुरून झाल्यावर, माती बसल्यावर सांगितलं.

आजी वाईट बोलली नाही म्हणतेस. बोलायची सोय होती का तिला? आणि सवय लागली की पुढं सोय झाली तरी तोंड उघडत नाही.

इकडचेही शहाणे काही कमी नाहीत. तुझ्या म्हाताऱ्याच्या लेक बाईसाहेब इथं येणार ऐकून आमचे मोठे डॉक्टर धुलाईची भिंत रंगवून घेतायत, आम्ही वर्षभर ओरडत होतो तेव्हा चुना मिळाला नव्हता. गल्लीचे पुढारी काल म्हणाले, काही म्हणा, त्यांच्या वेळी शिस्त होती, नळाला पाणी वेळेवर यायचं. मी विचारलं, तुमच्या आजोबाच्या दारात नळ होता का? म्हणाले, नव्हता. म्हटलं, मग वेळेवर आलेलं पाणी प्यायलं कुणी? चष्मा पुसत निघून गेले.

तर आता दाढी करताना त्यानं विचारलं की हे सांग. सगळं. साखर न घालता.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच एवढं खडसावलं, परक्याला एवढा कागद कोण खर्च करतं.
तुझी ताई

ता. ७ जुलै

ती. ताईस,
पाया पडते. आज डोकं तिथंच टेकून राहावंसं वाटतंय. वि. वि.

सांगितलं. ठरवून नाही. सकाळी त्यांच्या गालाला साबण लावत होते, त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि मला हो म्हणता येईना. थोरल्याचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, माती बसल्यावर सांगितलं तेही सांगितलं. वाटलं होतं अर्ध्यात विसरतील. एरवी आपण जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नाही, ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, मग ती माझ्याकडे बघून हसायची ती का?

 गालावरचा साबण तसाच वाळला.

तेव्हापासून दुधाचा पेला पुढं केला की ओठ मिटतात. बाकी थोडंफार खातात, दूध नाही. लेकीला कळलं तशा त्या बिथरल्या. ओरडल्या नाहीत, इथं ओरडत नाहीत, आवाज आणखी खाली नेतात. म्हणाल्या, तो काळच तसा होता, आजच्या मापानं मोजू नकोस. म्हणाल्या, तुझ्या आजीला पगार तर मिळत होता, जबरदस्ती कुणी केली नाही. म्हणाल्या, बाबा तेव्हा तान्हे होते, त्यांचा काय दोष? शेवटचं मला पटलं ताई, खोटं कशाला बोलू.

आता त्यांचं म्हणणं असं की मी बाबांसमोर बसावं आणि सांगावं, ती गोष्ट खोटी होती, माझ्या बहिणीनं रागाच्या भरात रचली. म्हणजे बाबा दूध पितील, दगडाचं ठरल्याप्रमाणे होईल आणि मी इथं राहीन. नाहीतर या महिन्यानंतर माझी गरज नाही. रागानं नाही बोलल्या, अगदी चहा पुढं करून बोलल्या. म्हणाल्या, मरणाऱ्याच्या समाधानासाठी एवढं तू करशील, मला खात्री आहे, तुझा स्वभावच तसा आहे.

त्या खोटं बोल म्हणतात ते मला जडही नाही ताई, पाच वर्षं तेच करतेय. आणि म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर वाळतोय. एकदा हो म्हणून टाकू का? तू म्हणशील ते. भिंगरीला यातलं काही सांगू नकोस.

तुझा शब्द येईपर्यंत गप्प राहते, तेवढी माया माझ्यासाठी राख.
तुझी धाकटी

ता. १८ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद. या वेळी मनापासून. वि. वि.

मी म्हणेन ते, म्हणतेस. लहानपणापासून हेच. तिकडं ती म्हणेल ते, इकडं मी म्हणेन ते. तुझं काही आहे की नाही?

म्हाताऱ्याचा दोष नाही, हे मीही मानते. दात येणाऱ्या पोराला काय कळतं? त्याला सांग, हसायची ते खरंच हसायची. पोटाशी तान्हं असलं की बाई हसते, ते कुणाचं आहे हे ओठांना कळत नाही. त्याला जे मिळालं ते खरं होतं. फक्त ते उरलेलं नव्हतं, दुसऱ्याच्या तोंडातून काढलेलं होतं. हे दोन्ही त्यानं एकदम धरावं, जमलं तर. आपल्या आजीनं धरलं, तिच्याजवळ कुणी पेला घेऊन बसलं नव्हतं. आणि दूध नको म्हणतो तर मागं लागू नका. अठ्ठ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्यानं कशाला तरी नको म्हटलंय, म्हणू दे.

पण लेकीला मी सोडणार नाही. तो काळच तसा होता म्हणे! काळानं येऊन डॉक्टरची अट घातली का? पगार मिळत होता म्हणते. मला तर नुसता राग येत नाही गं, हसू येतं. तेव्हा आजीच्या दुःखानं त्यांचं दूध आटेल म्हणून खरं दडवलं. आता खऱ्यानं त्यांचं दूध नासलं म्हणून खोटं बोलायचं, आणि तेही आपणच. एवढ्या वर्षांत त्यांची काळजी बदलली नाही, निदान आपलं उत्तर तरी बदलू दे.

आजीच्या डाव्या हाताची जागा रिकामी नाही. थोरला तिथंच आहे. त्याच्यावर दगड नव्हता म्हणून टेपवाल्याला मोकळी दिसली. मी परवा गवंड्याला नेऊन जागा दाखवली. तो म्हणाला नाव सांगा. नाव ठेवायच्या आतच बंगल्यावरून माणूस आला होता, नाव कुठलं? आजी त्याला थोरला म्हणायची, तेवढंच कोरायला सांगितलंय. भिंगरीला सगळं सांगितलं, तू नको म्हणालीस तरी. नऊ वर्षांच्या पोरीला आपली आई कुठं आहे आणि का आहे ते कळायला हवं, नाहीतर ते तिला दुसरं कुणीतरी दगडावर कोरून सांगेल.  सगळं ऐकून ती म्हणाली, आई खोटं सांगणार का? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

नोकरी जाईल ती जाईल. धुलाईत एक बाई हवीच आहे, दोघी मिळून पिळू. तरीपण त्या म्हाताऱ्याजवळ बसून त्याला शेवटचं सावरायचं तुझ्या मनात असेल तर मी आड येणार नाही. राहा, जीव लाव, पाय चेप. फक्त आजीचं पोर नव्हतंच, असं तुझ्या तोंडून जाता कामा नये. ते बोललीस तर पुढचं पत्र मला पाठवू नकोस.

गवंडी ऑगस्टच्या तीन तारखेला दगड बसवणार आहे. भिंगरीला तिथं घेऊन जाईन आणि तिच्या प्रश्नाला तिथंच उत्तर देईन. तेव्हा दोन तारखेच्या आत मला कळव, पत्र पोचणार नसेल तर या वेळी फोन कर, खोटं बोललीस की नाही बोललीस. काय म्हणू तिला?

मायेला कमी नाही, वाट बघायला मात्र माझ्याकडं दोन तारखेपर्यंतच जागा आहे.
तुझी ताई